माणसं किती?

आठवीच्या वर्गाला मी दायरा शिकवते. मराठी शाळेतले वर्तुळ म्हणजे आमच्या उर्दू शाळेतला दायरा. व्यास म्हणजे कुतर, त्रिज्या म्हणजे निस्फ कुतर आणि जीवा म्हणजे वतर. मुले सूत्र पाठ करतात, पण एक गोष्ट त्यांना सहजासहजी पटत नाही. कुतर दुप्पट केला तर रक्बा, म्हणजे क्षेत्रफळ, चौपट होते. "टीचर, दुप्पटच होणार ना?" असे दरवर्षी कोणीतरी विचारतेच. मग मी फळ्यावर दोन भाकऱ्या काढते. एक सहा इंचांची, एक बारा इंचांची. लहान चार भाकऱ्यांचे पीठ मोठ्या एका भाकरीला लागते म्हटल्यावर मुली लगेच माना डोलावतात, कारण त्या घरी भाकऱ्या थापतात. मुलगे मात्र वहीत हिशेब करून बघतात.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर या भाकऱ्यांच्या जोडीला एक नवे उदाहरण आले. माझ्या भावाची शेगडी. तिचा गणिताचा भाग मी वर्गात सांगते. उरलेला भाग सांगण्यासारखा नाही, म्हणून तो इथे लिहिते आहे.

भाईजान माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे. १९९६ साली ते दुबईला गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमचे गाव रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात. गावातल्या प्रत्येक दोन घरांआड एक घर आखातावर चालते असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. माझी बी.एड.ची फी भाईजाननीच भरली होती. त्यामुळे त्यांनी काही विचारले की मी मनापासून उत्तर देते. निदान देत आले होते.

त्या वर्षी सप्टेंबरात त्यांचा फोटो आला. तीन मोठी अंडी ओळीने मांडलेली. लहान, मधले, मोठे. खाली लिहिले होते, "मॅडम, गणित तुझं पक्कं आहे. सांग, यातली कुठली घेऊ?" नोकरी लागल्यापासून ते मला थट्टेने मॅडम म्हणतात.

ती अंडी म्हणजे कमाडो नावाच्या शेगड्या होत्या. जाड सिरॅमिकच्या, बिजागरीच्या झाकणाच्या. कमाडो हा जपानी शब्द. त्याचा अर्थ चूल. जपानात भात शिजवायला मुशिकमाडो नावाची मातीची, झाकणाची चूल असे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे राहिलेल्या अमेरिकन सैनिकांना ती आवडली आणि त्यांनी ती आपल्या घरी नेली. भाताच्या चुलीवर ते मांस भाजू लागले. १९७४ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात एड फिशर यांनी अशा चुली विकायला सुरुवात केली आणि त्यांचे 'बिग ग्रीन एग', म्हणजे मोठे हिरवे अंडे, नावारूपाला आले. मातीच्या चुली तडकत, म्हणून पुढे सिरॅमिक आले. आता वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या रंगांच्या कमाडो मिळतात.

तिची रचना मला फार आवडली. सायन्सचा तासही माझ्याकडेच असतो, म्हणून असेल. तळाशी हवेची एक खिडकी, झाकणाच्या शेंड्यावर दुसरी. खालून हवा शिरते, कोळसा फुलतो, वरून धूर निघतो. या दोन खिडक्या किती उघड्या ठेवायच्या त्यावर आच ठरते. भिंत जाड असल्याने उष्णता आत कोंडून राहते, थोडा कोळसा पुष्कळ वेळ पुरतो आणि मांस कोरडे पडत नाही. काम झाले की दोन्ही खिडक्या बंद करायच्या. हवेवाचून कोळसा विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी कामाला येतो. शिल्लक कोळशाची ही गोष्ट ऐकून अम्मी एकदम खूश झाली होती.

मला हे सगळे वाचताना पोपटी आठवत होती.

रायगडच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा. त्यावर शेंगा, जाड मीठ, ओवा. मध्ये मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, अंडी, बटाटे, रताळी, ज्याला जे परवडेल ते. पुन्हा शेंगा, पुन्हा पाला, आणि मडक्याचे तोंड पाल्याने गच्च बंद करायचे. मग ते मडके शेतात उपडे ठेवून भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या रचून पेटवायचे. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर सगळे शिजते. आमच्या कुणबी शेजाऱ्यांची पोपटी आणि आमची पोपटी एकाच शेतात लागत असे. कोंबडी हलाल केलेली असावी म्हणून ती अब्बा आणत आणि शेंगा शेजारच्या शेतातून येत. या व्यवहारात कोणी कोणावर उपकार केला असे कधी कोणाला वाटले नाही.

मडके आणायला अब्बा मला बरोबर नेत. कुंभाराचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "माणसं किती?" शेंगा किती, कोंबड्या किती हे तो विचारत नसे. अब्बा बोटांवर मोजत. घरातली मोजून झाली की शेजारची, मग वाटेने जाता जाता थांबतील ती. मग कुंभार एक मडके पुढे करी. अब्बा त्यावर बोटाच्या पेराने टकटक करत आणि कान लावत. अब्बांचा एक कटाक्ष होता. मडके ठासून भरले पाहिजे. माणसे थोडी आणि मडके मोठे झाले तर आत पोकळी राहते आणि शेंगा करपतात. उलट लहान मडक्यात कोंबून भरले तर मधली कोंबडी कच्ची राहते. कुतर आणि रक्बा हे शब्द त्यांना ठाऊक नव्हते, पण गावातल्या कोणत्याही लग्नाच्या देगेचा त्यांचा अंदाज चुकत नसे.

तेव्हा भाईजानना मी उलट विचारले, "माणसं किती?"

त्यांचे उत्तर दोन दिवसांनी आले. "ते तू इथे आल्यावर बोलू."

दिवाळीच्या सुट्टीत अम्मीला घेऊन मी शारजाला गेले. भाईजान पूर्वी सहाव्या मजल्यावर राहत. तिथे गॅलरीत कोळसा पेटवायला इमारतवाल्यांची बंदी होती. म्हणून ही सगळी मंडळी जुम्म्याला दुबईच्या अल ममझर पार्कमध्ये जात. तिथे भाजण्यासाठी जागा राखून ठेवलेली असते. पत्र्याची एक उथळ शेगडी, कोळशाची पिशवी, मसाला लावलेल्या मांसाची पातेली आणि आमच्या पाच-सहा गावांतली सारी कुटुंबे. त्या पार्कचे फोटो आमच्या घरच्या अल्बममध्ये अजून आहेत. एका फोटोत मी चाळीसपर्यंत डोकी मोजली आहेत. सगळे पुरुष शेगडीभोवती. एरवी घरात स्वतःचा चहा न करणारे आमचे पुरुष उघड्यावर कोळसा दिसला की एकाएकी बावर्ची होतात, हे एक कोडेच आहे. भाभी म्हणतात, "मसाला आम्ही वाटायचा, कांदा आम्ही कापायचा, भांडी आम्ही घासायची आणि नाव यांच्या कबाबांचं."

आता भाईजान एका छोट्या व्हिलात राहायला गेले होते. मागे आठ पावले लांब, पाच पावले रुंद असे फरशीचे अंगण. त्या अंगणासाठी शेगडी.

दुकान थंडगार होते. काचेसारख्या चकचकीत शेगड्या रांगेत उभ्या. आत शिरताच अम्मीने मधल्या शेगडीवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि कान लावला. केरळचा तो विक्रेता तरुण हसू दाबत उभा राहिला. अम्मी म्हणाली, "भाजलंय चांगलं." मी आणि भाईजान एकमेकांकडे बघू शकलो नाही. अब्बांना जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती.

मुख्य मापे तीन होती. जाळीचा व्यास तेरा इंच, अठरा इंच आणि चोवीस इंच. विक्रेत्याने दिलेल्या कागदावर अठरा इंचीवर बारा बर्गर आणि चोवीस इंचीवर चोवीस बर्गर असा हिशेब होता. आमच्याकडे माणसांची मोजदाद बर्गरमध्ये होत नाही. मी पर्समधून पेन काढले आणि त्याच कागदाच्या पाठीमागे दायरे काढले.

तेरा इंचीचा रक्बा सुमारे १३३ चौरस इंच. अठरा इंचीचा २५४. चोवीस इंचीचा ४५२. म्हणजे तेरावरून अठरावर गेलो की जागा जवळजवळ दुप्पट होते. अठरावरून चोवीसवर गेलो तर पावणेदोन पटीहून किंचित जास्त. नुसत्या इंचांकडे पाहून हा फरक कळत नाही, आणि विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे दोघांचेही फसणे इथेच होते.

सिखकबाबांचा हिशेब आणखी वेगळा. जाळी गोल असल्याने मधोमध ठेवलेली सीखच पूर्ण लांबीची बसते. बाजूला सरकू तशी जागा आखूड होत जाते. अठरा इंचीत केंद्रापासून सहा इंच दूर जी जीवा पडते ती जेमतेम साडेतेरा इंचांची. चोवीस इंचीत तीच जवळजवळ एकवीस इंचांची. आपल्याकडच्या लांब सळया घेऊन गेलेल्या माणसाला हे आधी कळलेले बरे. झाकण लावायचे असते, त्यामुळे दांडे बाहेर काढून चालत नाही. वतरचा असा उपयोग माझ्या पाठ्यपुस्तकात दिलेला नाही.

वजनही बघायला हवे. तेरा इंची साधारण पस्तीस किलो. अठरा इंची सत्तर किलोच्या वर. चोवीस इंची शंभर किलोच्या आसपास, आणि तिचा घोडा किंवा टेबल वेगळे. सिरॅमिक आपटले की गेले. लाकडी टेबलावर तशीच ठेवली तर खालचे लाकूड जळते, म्हणून मध्ये दगडी लादी किंवा पाय लागतात. झाकण मागे कलते तेवढी जागा भिंतीपासून सोडावी लागते. हे सगळे भाईजान शांतपणे ऐकत होते.

"माणसं किती?" मी पुन्हा विचारले.

त्यांनी मोजायला सुरुवात केली. ते आणि भाभी, दोन. मुलगी मँचेस्टरला. मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला. मग अमक्याचे घर, ते २०२० मध्ये नोकरी गेल्यावर गावी परतले. तमक्याचे घर, ते कॅनडाला गेले. अब्बांसारखीच ते बोटांवर मोजत होते, पण बोट मुडपून पुन्हा सरळ करत होते. शेवटी म्हणाले, "जागा असली की लोक येतात. चोवीस इंची घेऊ."

मी म्हणाले, "दोन माणसांना तेरा इंची भरपूर झाली."

आता खरे सांगते. मी गावाहून निघण्यापूर्वी या शेगड्यांबद्दल बरेच वाचले होते. तेरा इंचीत काय उणे आहे ते मला माहीत होते. तिच्यात कोळसा थोडा मावतो, तो पुन्हा पुन्हा घालायला झाकण काढा, जाळी काढा. तास दोन तास मंद आचेवर शिजवायचे असेल तर निखारा आणि मांस यांच्या मध्ये सिरॅमिकची एक चकती ठेवतात, म्हणजे आच सरळ लागत नाही. लहान शेगडीत ती चकती बसवली की कडेने गरम हवा फिरायला जागाच फार उरत नाही. दोन माणसांना चार तुकडे भाजायला ती उत्तम. पण ईदला बकऱ्याची अख्खी रान ठेवायची म्हटले तर हाड झाकणाला लागणार.

भाईजाननी नेमके तेच विचारले. "यात रान होईल?"

मी म्हणाले, "दोन तुकडे केले तर होईल."

खरे उत्तर आमच्या दोघांच्या मध्ये उभे होते. अठरा इंची. विक्रेता पुन्हा पुन्हा तेच सांगत होता की घरासाठी सर्वांत जास्त तीच खपते. रान बसते, पाच-सहा माणसांचे एका वेळी होते, वर दुसऱ्या मजल्याची जाळी चढवली तर दहा-बाराही निभतात. एका अर्ध्या भागात चकती ठेवून दुसऱ्या अर्ध्यात सरळ निखारा ठेवण्याचीही सोय होती. दोघांसाठी पेटवली तरी कोळसा वाया जात नाही, कारण उरलेला विझवून ठेवता येतो. कोणी परक्याने मला विचारले असते तर एका मिनिटात मी अठरा इंची सांगितली असती. पण भाईजान चोवीसकडे ओढत होते आणि मी तेराकडे, आणि त्या मधल्या शेगडीकडे आम्ही दोघेही बघत नव्हतो.

का, ते अम्मीने उघड केले. ती खुर्चीवर बसून होती. तिने त्या चोवीस इंचीकडे बोट दाखवून विचारले, "हे विमानातून नेता येतं का?"

कोणी बोलले नाही. मग मीच म्हणाले, "अम्मी, ती लहान आहे ना, ती पेटीत घालून कार्गोने येईल. पस्तीस किलो आहे."

"आणि मोठी?"

"मोठी कोण उचलणार?" भाईजान म्हणाले आणि हसले. हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

आमच्या गावच्या घराबद्दल सांगायला हवे. भाईजाननी ते २००८ साली बांधले. दुमजली, सात खोल्या, वर जायला बाहेरून वेगळा जिना, मुलाचे लग्न झाल्यावर लागेल म्हणून. नकाशा काढणाऱ्यानेही तेव्हा विचारले होते, माणसं किती? भाईजाननी सगळ्यांना मोजले होते. आज त्या घरात अम्मी एकटी राहते. पाच खोल्यांना कुलपे. पावसाळ्यात वरच्या खोल्यांच्या भिंतींना बुरशी येते, ती मी सुट्टीच्या दिवशी पुसून काढते. मी चार किलोमीटरवर सासरी आहे. शाळा सुटली की रोज एक फेरी माहेरची. रक्तदाबाची गोळी घेतली का, गॅस बंद केला का, रात्री सोबतीला शेजारची मुलगी येणार का. माझ्या घरचे समजूतदार आहेत, पण समजूतदारपणाही रोज रोज मागायला संकोच वाटतो. आमच्या गावात अशी घरे पुष्कळ आहेत. रंगीत, उंच, आणि संध्याकाळी एकाच खिडकीत दिवा असलेली.

भाईजान दरवर्षी म्हणतात, "अजून दोन वर्षं." नोकरी संपली की तिथला व्हिसा संपतो, मग परत यायचेच, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. आता तिथे लांब मुदतीचे व्हिसे निघाले आहेत. त्याची चौकशी ते करत असल्याचे भाभींच्या बोलण्यात आले होते. म्हणून मला ती शंभर किलोची शेगडी नको होती. जी उचलता येईल अशी एखादी वस्तू त्यांनी घ्यावी एवढाच माझा हिशेब होता. रोज मुलांच्या वहीत चुकीच्या उत्तराखाली लाल रेघ ओढणारी मी, त्या कागदाच्या पाठीमागे स्वतःला हवे ते उत्तर आणायचे म्हणून फक्त दोन माणसे धरली होती. भाईजाननी कुतराच्या इतक्या आकड्यांतही ते ओळखले असावे. दुकानातून बाहेर पडताना ते एवढेच म्हणाले, "मॅडम, पाहुणे धरलेच नाहीस तू."

त्या दिवशी काहीच घेतले नाही. आम्ही परतलो, शाळा सुरू झाली. डिसेंबरात फोटो आला. चोवीस इंची, काळ्या लोखंडी घोड्यावर, अंगणाच्या मधोमध. चार माणसांनी उचलून ठेवली म्हणे. किंमत मी सवयीने रुपयांत केली, ती लाखाच्या बरीच पुढे गेली, आणि मी आकडेमोड तिथेच थांबवली. फोटोखाली शेवटची ओळ होती, "घराचा करार वाढवला."

मी तो फोटो अम्मीला दाखवला. ओळ वाचून दाखवली नाही.

पहिल्या शनिवारी त्यांनी पंचवीस जणांना बोलावले. २०२२ पासून दुबईत जुम्म्याऐवजी शनिवार-रविवारची सुट्टी झाली आहे, त्यामुळे जुनी घडी तशीही मोडली होती. आले अकरा जण. बाकीच्यांना लांब पडले, कोणाच्या मुलांचा क्लास होता. भाईजाननी दोन्ही खिडक्या सताड उघड्या टाकल्या आणि मगरिबच्या नमाजला गेले. परत येऊन बघतात तो झाकणावरच्या थर्मामीटरचा काटा साडेतीनशे अंशांवर. खिडक्या बंद केल्या, पण ही काही पत्र्याची शेगडी नव्हे. एकदा तापलेले जाड सिरॅमिक लवकर निवत नाही. इशाची अजान झाली तरी काटा उतरेना. घाईने त्यांनी झाकण एकदम उघडले. कोंडलेल्या निखाऱ्याला एकाएकी हवा मिळाली आणि ज्वाळेचा भपका आला. हातावरचे केस जळाले, थोडक्यात निभावले. झाकण आधी दोन बोटे उचलून क्षणभर थांबायचे असते, हवा हळूहळू आत जाऊ द्यायची असते. हे मी त्यांना सांगायला हवे होते. मी वाचले होते. मापांच्या भांडणात राहून गेले.

पुढे ते शिकले. काटा हव्या त्या अंकाच्या थोडा अलीकडे असतानाच खिडक्या लहान करायच्या. कोळसा पेटवायला तेल वापरायचे नाही, त्याचा वास आतल्या भिंतीत मुरतो. आता ते पुष्कळदा दोघांपुरतेच लावतात. तेव्हाच्या फोटोंत त्या मोठ्या जाळीच्या एका कोपऱ्यात चार तुकडे असतात. बाकीची जाळी रिकामी. एकदा अम्मीने फोटो जवळ धरून विचारले, "एवढंच?" मी म्हणाले, "पाहुणे जेवून गेल्यावर काढलाय." ही दुसरी लबाडी.

पण बकरी-ईदला त्यांनी दोन राना एकदम लावल्या. सकाळच्या नमाजनंतर ठेवल्या त्या दुपारपर्यंत मंद आचेवर. त्या दिवशी सतरा माणसे जेवली, त्यांत चार नवी पोरे होती, आमच्याच तालुक्यातली, नुकती नोकरीला लागलेली, एका खोलीत सहा जण राहणारी. त्यांतल्या एकाची आई आमच्या शाळेत पोषण आहार शिजवते. नंतर तिने मला वर्गाच्या दारात गाठले. "टीचर, तुमच्या भावानं माझ्या पोराला पोटभर जेवू घातलं." मी तेरा इंचीचा विचार करत उभी राहिले. तेरा इंचीत ते पोर बसले नसते.

यंदा जानेवारीत आम्ही शेतात पोपटी लावली. अब्बा गेल्यापासून ती बंदच होती. माझी मुले, सासरची दोन माणसे, कुणबी शेजाऱ्यांचे कुटुंब आणि खुर्ची टाकून बसलेली अम्मी. मी भाईजानना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे तेही अंगणात होते. शेगडीच्या झाकणावरच्या खिडकीतून बारीक धूर निघत होता. आमच्याकडे मडक्याभोवतीच्या गोवऱ्या लाल झाल्या होत्या.

"झाली हे अब्बांना कसं कळायचं गं?" त्यांनी विचारले. "मी विसरलो."

"मडक्यावर पाण्याचा हबका मारायचे. चर्र करून पाणी उडालं की झाली."

मी ओंजळीने पाणी मारून दाखवले. चर्र आवाज झाला. मुले ओरडली. भाईजान पडद्यावर अगदी जवळ आले होते, त्यांचे फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते.

तेवढ्यात अम्मीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"तू नको हो पाणी मारू तुझ्या त्याच्यावर," ती म्हणाली. "तडकेल."